मोर छापलेला, भरलेला की विणलेला? घरातल्या रेशमी कापडाची उलट बाजू

फोंडा तालुक्यातल्या आमच्या मामींच्या घरातला पडदा यंदा वैशाखात फाटला, तो नेमका मोराच्या मानेपाशी. दोन वर्षांपूर्वी मामेभावाच्या लग्नासाठी घराची डागडुजी झाली, तेव्हा दर्शनी खोलीच्या पश्चिमेकडच्या तीन खिडक्यांना हे पडदे लावले होते. गडद हिरव्या जमिनीवर डाळिंबाची झाडे, झाडाखाली समोरासमोर उभी असलेली मोरांची जोडी आणि मधल्या मोकळ्या जागेत धावणारी हरणे, असे ते कापड होते. विकणाऱ्याने ते सिल्क म्हणून दिले होते आणि किंमत ऐकून मामींनी दोन दिवस विचार केला होता. कोळिष्टके काढण्यासाठी त्यांनी पडदा नुसता बाजूला सारला आणि हातभर लांबीची उभी चीर पडली. कुठे ओढाताण झाली नव्हती, खिळ्याला काही अडकले नव्हते. चिरेच्या कडेला उभे धागे धड होते. आडवे धागे मात्र बोटांत चोळताच भुसा होऊन गळत होते.

“खोटं रेशीम गळ्यात मारलं, दुसरं काय?” असे मामी म्हणाल्या आणि मलाही प्रथम तसेच वाटले. प्रत्यक्षात उलटे घडले होते, आणि ते का घडले हे कळण्यासाठी हे कापड मुळात बनते कसे, त्यावर ही जनावरे आणि बागा कुठून येतात आणि गोव्याच्या हवेत त्याचे काय होते, हे सगळे क्रमाने पाहावे लागते. सध्या गोव्यात जुनी घरे दुरुस्त करून त्यांत पाहुण्यांची सोय करण्याची लाट आहे आणि त्या निमित्ताने पक्षी-प्राण्यांची, वेलबुट्ट्यांची रेशमी म्हणवली जाणारी कापडे पडद्यांना, खुर्च्यांना, पलंगाच्या आच्छादनांना सर्रास वापरली जात आहेत. एकाच दुकानात दिसायला सारखी दोन कापडे मीटरला काही शे रुपये आणि काही हजार रुपये अशा भावाने मिळतात, तेव्हा घेणारा गोंधळून जातो. हा लेख त्या गोंधळासाठी आहे.

आधी धागा

रेशीमकिड्याची अळी तुतीचा पाला खाऊन वाढते आणि स्वतःभोवती कोष करते. हा कोष एकाच अखंड तंतूचा असतो आणि त्या तंतूची लांबी साधारण ६०० ते ९०० मीटर भरते, कधी त्याहूनही जास्त. कापसाचे तसे नाही. देवासाठी वात वळताना आपण कापसाचे आखूड तंतू एकमेकांत गुंतवून पीळ देतो आणि सूतही त्याच तत्त्वाने तयार होते. रेशमाचा धागा मात्र गरम पाण्यात ठेवलेल्या कोषांवरून उलगडून घेतला जातो आणि चार-सहा कोषांचे तंतू एकत्र येऊन तो बनतो. त्याला मध्ये सांधा नसतो, म्हणून तो गुळगुळीत असतो. शिवाय तंतूचा छेद साधारण त्रिकोणी असल्यामुळे त्यावर पडणारा प्रकाश लोलकावर पडल्यासारखा परततो. रेशमाची चकाकी वरून लावलेली नसते. ती तंतूच्या आकारातच असते.

तंतूवर एक नैसर्गिक डिंक असतो. साबणाच्या पाण्यात उकळून तो काढला की रेशीम मऊ होते, पण वजनाने जवळजवळ चतुर्थांशाने घटते. ही घट लक्षात ठेवावी, कारण जुन्या कापडांच्या एका मोठ्या दुखण्याचे मूळ तिच्यात आहे. तुतीचे, टसर, एरी आणि मुगा अशी चारही प्रकारची रेशमे आपल्या देशात होतात. त्यांतले टसर रानातल्या झाडांवर वाढणाऱ्या किड्याचे असून त्याचा रंग न रंगवताच मधासारखा असतो.

चित्र कापडावर की कापडात?

कापडावर मोर तीन वाटांनी येतो. तो छापला जातो, सुईने भरला जातो किंवा मागावरच विणला जातो. दुकानात उभे असताना ही वाट ओळखण्याचा सोपा उपाय म्हणजे कापड उलटून पाहणे. छापील कापडाच्या मागच्या बाजूला रंग फिकट उतरलेला असतो. भरतकामाच्या मागे गाठी आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे गेलेले टाके दिसतात. विणलेल्या चित्राच्या मागे मात्र तेच चित्र उलट्या रंगांत दिसते, किंवा चित्राला न लागलेले रंगीत धागे सैल लोंबताना दिसतात. भावातला बराचसा फरक या तीन वाटांमधल्या श्रमांचा असतो.

विणलेल्या चित्राबद्दल थोडे थांबून बोलावे लागेल, कारण सामान्य वाचकाला तेच सर्वांत गूढ वाटते. माडाच्या चुडताचे झाप विणताना एक पाती वर, एक खाली अशी जी घडण असते, तीच कापडाचीही असते. मागावर ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताणा आणि त्यांच्यामधून जाणारा आडवा धागा म्हणजे बाणा. प्रत्येक फेरीला काही उभे धागे उचलले जातात आणि त्यांच्याखालून आडवा धागा सरकतो. साध्या कापडात एकाआड एक धागे उचलले की काम भागते. मोर काढायचा असेल, तर मात्र पहिल्या फेरीला कोणते धागे उचलायचे, दुसरीला कोणते, असा हिशोब शेकडो फेऱ्यांपर्यंत मांडावा लागतो. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे लगेच पटेल. तिथे जसे आधी ठिपके मांडून, कोणता कोणाला जोडायचा हे ठरवून चित्र उमटवले जाते, तसे इथे चौकटींच्या कागदावर चौकट चौकट रंगवून नक्षीचा आराखडा होतो आणि एकेक चौकट म्हणजे धाग्यांची एकेक भेट.

पूर्वी हे धागे उचलण्यासाठी मागावर दुसरा माणूस, बहुधा मुलगा, बसलेला असे आणि तो ठरलेल्या क्रमाने दोऱ्या ओढत असे. बनारसमध्ये नक्षीचा तो क्रम दोऱ्यांच्याच एका जाळ्यात बांधून ठेवण्याची कला होती आणि ती जाणणाऱ्यांना नक्शबंद म्हणत. फ्रान्समधल्या लियों शहराच्या जोसेफ मारी जॅकार्ड याने १८०४ मध्ये या कामासाठी भोके पाडलेल्या जाड कागदी पट्ट्यांची यंत्रणा बसवली. भजनाची पेटी वाजवताना जी पट्टी दाबावी तिच्याखालचेच भोक उघडते आणि तेवढाच सूर निघतो. त्याचप्रमाणे पट्टीवर जिथे भोक असेल तिथलाच आकडा वर जातो आणि तेवढाच धागा उचलला जातो. आडव्या धाग्याच्या एका फेरीला एक पट्टी लागते. त्याच लियोंमध्ये १८३९ साली जॅकार्डचे स्वतःचे चित्र रेशमात विणले गेले, तेव्हा त्यासाठी सुमारे २४,००० पट्ट्या लागल्या होत्या. आज पट्ट्यांचे काम संगणक करतो, पण प्रत्येक धाग्याला प्रत्येक फेरीत सांगावेच लागते, हे तत्त्व बदललेले नाही.

हे समजले की आणखी एक कोडे सुटते. मोर तोच तोच पुन्हा का येतो? एकदा मांडलेला हिशोब पुन्हा पुन्हा वापरता यावा म्हणून. आपल्या जुन्या घरांत जमिनीला नक्षीच्या लाद्या असतात. चार लाद्या जुळल्या की एक फूल पुरे होते आणि मग तेच फूल खोलीभर चालते. कापडातही अशी एक लादी असते आणि तिची उंची विचारून घेणे फार महत्त्वाचे असते. समजा पडदा २२० सेंटिमीटर लांब हवा आहे आणि नक्षी दर ६४ सेंटिमीटरला पुन्हा सुरू होते. दोन पडद्यांवरचे मोर एका ओळीत यायला हवे असतील, तर प्रत्येक पडद्याला चार नक्ष्या, म्हणजे २५६ सेंटिमीटर कापड लागते आणि ३६ सेंटिमीटर कातरण उरते. शिंपी जास्त कापड मागतो, त्याला पुष्कळदा हे कारण असते. त्याच्यावर संशय घेण्याची गरज नाही.

नावांचे जंगल

डमास्क, ब्रोकेड, किनखाब, मखमल, हिमरू ही नावे ऐकून दडपण येते, पण ती सगळी धागे कसे बसवले आहेत एवढेच सांगतात. दमास्कस शहराचे नाव घेतलेल्या डमास्कमध्ये बहुधा एकच रंग असतो आणि तरीही चित्र दिसते. खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या शेतातले, भात वाऱ्याने एका बाजूला लवले की त्याच शेतात फिकट आणि गडद पट्टे दिसू लागतात, रंग मात्र एकच असतो. डमास्कमध्ये जमिनीवर उभे धागे वर असतात, चित्रात आडवे, आणि प्रकाश त्यांच्यावरून वेगवेगळा परततो. ब्रोकेडमध्ये चित्रासाठी वेगळा जादा धागा घातला जातो. तो धागा जरीचा असेल आणि काम भरगच्च असेल, तर आपण त्याला किनखाब म्हणतो. मखमलीत जादा ताण्याचे बारीक फासे वर काढून कापतात आणि त्यांची लव उभी राहते.

हिमरू मराठी माणसाच्या सर्वांत जवळचे. छत्रपती संभाजीनगरचे हे कापड सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून विणतात. मामींच्या माजघरातल्या पितळी कड्यांच्या पेटीत असा एक उशीचा अभ्रा आहे. मामांच्या वडिलांनी तो औरंगाबादेहून आणला होता. वेलीच्या प्रत्येक वळणात एक पक्षी मागे वळून पाहतो आहे, त्याची चोच शेंदरी आहे आणि डोळ्याच्या जागी फक्त एक पांढरा टाका आहे. अभ्रा उलटा केला की मागे शेंदरी धाग्यांचे सैल पूल दिसतात. चोच विणून झाल्यावर पुढच्या चोचीपर्यंत तो धागा मागच्या बाजूने मोकळाच गेलेला असतो. बांगडी अशा धाग्यांत अडकली की कापड ओढले जाते, म्हणून त्याला अस्तर लागते. मी हे कापड हातात घेतले की समोरची बाजू क्षणभर पाहतो आणि मागची बराच वेळ, कारण विणणाऱ्याचा विचार तिथे उघडा दिसतो.

इतकी जनावरे आणि बागा कशासाठी?

रेशमावर जनावरे काढण्याची रीत फार जुनी आहे. इराणातल्या सासानी काळापासून मोठ्या वर्तुळात समोरासमोर उभे असलेले प्राणी रेशमावर दिसतात आणि बिझान्तियमच्या, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, विणकरांनी तीच मांडणी उचलली. जर्मनीतल्या आखेन येथे सम्राट शार्लमेनच्या थडग्यात सापडलेल्या रेशमी वस्त्रावर वर्तुळांमधून हत्ती चालताना दिसतात. प्राण्यांची जोडी समोरासमोर का, याचे एक कारण मागातच आहे. मांडलेला हिशोब आरशात पाहिल्यासारखा उलट क्रमाने वापरला की अर्ध्या श्रमात दुप्पट रुंदीचे चित्र मिळते. मामींच्या पडद्यावरचे मोर एकमेकांकडे पाहत होते, त्यात शोभा तर होतीच, पण मागाची ही जुनी काटकसरही होती.

बागेचे मूळही इराणातच सापडते. भिंतीने वेढलेल्या बागेसाठी असलेल्या प्राचीन इराणी शब्दातून अरबीतला फिरदौस आला आणि युरोपातल्या भाषांमधला स्वर्गवाचक शब्दही तिथूनच आला. आपला बाग हा शब्दसुद्धा फारसीच आहे. रुक्ष प्रदेशात पाण्याचे पाट आणि फळझाडे असलेली जागा हाच स्वर्ग असतो आणि हिवाळ्यात बाग सुकली की ती भिंतीवर आणि अंथरुणावर कापडाच्या रूपाने पुन्हा मांडली जाते. आपल्याकडे बनारसच्या विणकरांनी शिकारगाह नावाची नक्षी घडवली. तिच्यात झाडी, हरणे, वाघ, घोडेस्वार असे अख्खे रान असते. पाटणच्या पटोळ्यात हत्ती आणि वाघ येतात, पैठणीच्या पदरावर मोर आणि राघू. अठराव्या शतकात लियोंच्या फिलिप द लासाल याने रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिच्यासारख्या धनिकांच्या भिंतींसाठी पक्षी आणि फुलांच्या गुच्छांची इतकी जिवंत रेशमे आखली की पिसांची सावलीसुद्धा विणीत उतरली.

गोव्यातल्या माणसाला हे परके वाटायला नको. चवथीला आपण गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतो. रानातली फळे, फुले, वेली, सुपारीचे घोस लाकडी चौकटीला टांगून डोक्यावर बाग उभी करतो. पलंगावर किंवा आसनावर बागेच्या नक्षीचे रेशमी छत ताणणाऱ्यांची ओढ याहून वेगळी नव्हती, असे मला मनापासून वाटते. आपली माटोळी काही दिवसांत सुकते आणि पुढच्या वर्षी नवी बांधली जाते, त्यांना ती टिकवायची होती.

गोव्यात हे कापड कधी आणि कसे आले?

गोव्याच्या मागावर रेशमी चित्रे विणली गेल्याची परंपरा नाही. कुणबी लुगड्याच्या चौकड्या हे इथले विणकाम आणि तेही सुती. गोवे हे या कापडाचे बंदर होते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतल्यानंतर बंगाल, गुजरात आणि पुढे मकाववरून चीनचे रेशमी काम इथल्या बाजारात येऊ लागले आणि इथून गलबतांनी लिस्बनला जाऊ लागले. त्यांतल्या पलंगपोसांना आणि भिंतीवर लावायच्या पडद्यांना पोर्तुगीजमध्ये कोल्शा म्हणतात.

१५८३ मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी नोकरीला आलेला डच तरुण यान हायखेन फान लिन्सखोटेन पाच वर्षांहून अधिक काळ इथे राहिला आणि १५९६ मध्ये त्याने आपले प्रवासवर्णन प्रसिद्ध केले. गुजरातमधल्या खंबायतच्या वर्णनात त्याने रेशमाने शिवलेल्या देखण्या पांघरुणांचा उल्लेख केला असून कोल्शा या शब्दाबरोबरच त्यांचे देशी नाव गोदोरीन असे नोंदवले आहे. आपल्या गोधडीचीच ही सोळाव्या शतकातली नोंद आहे, हे वाचले तेव्हा मला फार आनंद झाला. आज ज्या शब्दाने आपण जुन्या लुगड्यांच्या घड्या शिवून केलेले पांघरूण ओळखतो, तोच शब्द एके काळी राजवाड्यांत जाणाऱ्या रेशमी पांघरुणालाही चालत होता.

बंगालमधल्या सातगाव-हुगळी भागातले कोल्शा तर पाहत राहावे असे आहेत. पांढऱ्या सुती कापडावर मधाच्या रंगाच्या टसरने साखळी टाका आणि उलटी टीप घालून सगळी जागा भरलेली असते. टोप्या घातलेले पोर्तुगीज शिकारी, कुत्रे, हरणे, गलबते, मासे, जलपऱ्या, बायबलमधला राजा शलमोनाचा न्याय आणि ग्रीक कथांमधले वीर एकाच पांघरुणावर शेजारी शेजारी येतात. पिलांना स्वतःच्या छातीतले रक्त पाजणारा पाणकोळीही त्यांवर दिसतो. ख्रिस्ती परंपरेत तो त्यागाचे चिन्ह आहे, आणि तो टाचणारे हात बंगालचे. चीनमधून आलेल्या कामावर दोन डोक्यांचा गरुड वारंवार दिसतो. तो ऑगस्टिनियन पंथाच्या चिन्हाशी जोडला जातो, पण आपल्याकडच्या माणसाला तो पाहताच गंडभेरुंड आठवल्याशिवाय राहणार नाही. १६३२ मध्ये शाहजहानच्या फौजेने हुगळीची पोर्तुगीज वसाहत घेतली आणि त्यानंतर बंगालचा हा व्यापार ओसरला. लिस्बनच्या आणि लंडनच्या संग्रहालयांत हे कोल्शा आज जपलेले आहेत. पोर्तुगालमधल्या काश्तेलु ब्रांकु गावाचे भरतकाम, म्हणजे जवसाच्या तंतूंच्या (लिननच्या) पांढऱ्या कापडावर रेशमाने भरलेली झाडे आणि पक्षी, हे याच आशियाई पांघरुणांच्या छायेत वाढलेले आहे.

मग पडदा फाटला का?

आता मामींच्या खिडकीकडे परत येऊ. चिरेच्या कडेचा एक आडवा आणि एक उभा धागा काढून आम्ही ताटात मेणबत्ती ठेवून चिमट्याने जाळून पाहिला. आडवा धागा जळताना केस जळल्याचा वास आला, ज्योतीपासून दूर नेताच तो विझला आणि मागे उरलेली काळी राख बोटाने दाबताच पूड झाली. हे रेशमाचे लक्षण आहे, कारण केसाप्रमाणेच रेशीमही प्रथिन असते. उभा धागा वितळला, आकसला आणि त्याचा कडक मणी झाला. तो पॉलिस्टर होता. म्हणजे कापड निम्मे रेशीम होते आणि फाटले होते ते नेमके रेशीम. खोटे धागे धड उभे होते.

रेशमाचा सर्वांत मोठा शत्रू प्रकाश आहे. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी रेशमातल्या प्रथिनाच्या साखळ्या तुटतात, आधी रंग उडतो, मग धागा पिवळट आणि ठिसूळ होतो. संग्रहालये रेशमी कापडावर साधारण ५० लक्सपेक्षा जास्त प्रकाश पडू देत नाहीत. लक्स हे पृष्ठभागावर किती प्रकाश पडतो ते मोजण्याचे एकक आहे. भर उन्हात हाच आकडा १,००,००० लक्सपर्यंत जातो, म्हणजे दोन हजार पट. मामींच्या पडद्यांना अस्तर नव्हते आणि पश्चिमेचे ऊन दोन वर्षे रोज दुपारभर त्यांच्यावर येत होते.

“पण खिडकीला काच होती”, अशी शंका इथे हमखास येते. साधी काच अतिनील किरणांपैकी थोडेच किरण अडवते. उरलेले आत येतात आणि दिसणारा प्रकाशही रेशमाला हळूहळू झिजवतोच. चीर उभीच का पडली, याचेही उत्तर सोपे आहे. पडद्याच्या उभ्या चुण्यांत जो भाग खिडकीकडे पुढे येतो, त्याच्यावरच सारे ऊन पडते, आणि आडवा धागा नेमका त्याच वळणावर वाकलेला असतो. त्या एका रेषेवरचे शेकडो आडवे धागे एकाच वेळी कुजत गेले आणि हात लागण्याचे निमित्त झाले.

उरलेले काम आपल्या पावसाने केले. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. रेशीम हवेतला ओलावा पटकन शोषते आणि ओले रेशीम कोरड्यापेक्षा कमकुवत असते. कोंदट खोलीत त्यावर बुरशीचे ठिपके येतात, आणि घडीत राहिलेल्या कापडाला कसर लागते.

आजीच्या पेटीतले रेशीम मग धड कसे?

हा आक्षेप मामींनीच घेतला आणि तो रास्त होता. हिमरूचा अभ्राही रेशमी बाण्याचाच, वयाने साठीच्या पुढचा, आणि तरीही एक धागा तुटलेला नाही. तो वर्षातून दोन-तीन वेळा, पाहुणे आले की बाहेर निघे आणि पुन्हा अंधारात जाई. साठ वर्षांत त्याच्यावर जितका प्रकाश पडला, त्याहून कितीतरी जास्त प्रकाश पडद्याने दोन वर्षांत सोसला. जुन्या पिढीने रेशीम टिकवले ते ते जास्त मजबूत होते म्हणून नव्हे. त्यांनी ते सणासुदीला वापरले आणि उन्हात कधी टांगले नाही.

सगळेच जुने रेशीम असे नशीबवान नसते, हेही सांगायला हवे. डिंक काढल्यावर रेशमाचे वजन घटते आणि रेशीम वजनावर विकले जात असे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या कारखान्यांनी ते वजन कथिलाच्या क्षारांनी भरून काढायला सुरुवात केली. कापड जड आणि सळसळते होई, पण हेच क्षार धाग्याला आतून खात. त्या काळच्या खुर्च्यांवरचे, झालरींचे रेशीम आज न वापरताही समांतर चिरा पडून फाटताना दिसते. लोटली, चांदोर भागातल्या एखाद्या जुन्या घरात असे आसन दिसले, तर ते हाताळणाऱ्याचा त्यात दोष नसतो.

खरे कसे ओळखावे?

आर्ट सिल्क या नावात कला नाही. तिथे आर्ट म्हणजे कृत्रिम. हे लाकडाच्या लगद्यापासून केलेले व्हिस्कोस असू शकते, ते कागदासारखे जळते, किंवा पॉलिस्टर असू शकते, ते वितळते. शुद्ध रेशमासाठी केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये सिल्क मार्क ही खूण सुरू झाली आणि ती असेल तर खात्री धरता येते. ती नसेल, तर विकणाऱ्याकडून ताणा कशाचा आणि बाणा कशाचा हे बिलावरच लिहून घ्यावे. नुसता सिल्क हा शब्द काहीच सांगत नाही. आणि धागा जाळून पाहायचाच असेल, तर उभा आणि आडवा दोन्ही वेगवेगळे जाळावेत. आम्ही एकच जाळला असता तर चुकीचाच निष्कर्ष काढला असता.

किड्यांच्या जिवाचे काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. अखंड तंतू मिळावा म्हणून कोषातला जीव बाहेर पडण्याआधीच उष्णतेने मारला जातो, आणि एक किलो कच्च्या रेशमाला साधारण सहा ते आठ किलो ओले कोष लागतात. पाकोळी बाहेर पडल्यावर उरलेल्या कोषांचेही रेशीम निघते; त्याला अहिंसा रेशीम म्हणतात. पण तंतू तुटलेला असल्याने ते कापसासारखे कातावे लागते आणि त्याला तितकी चकाकी नसते. ज्यांना सोवळ्याच्या वस्त्रातही ही हिंसा खटकते, त्यांनी सजावटीसाठी रेशीम न घेणे हा पूर्णपणे सुसंगत निर्णय आहे. मी स्वतः नवे फार घेत नाही. आहे ते जपावे, या मताचा आहे.

घ्यायचेच असेल तर कुठे लावावे?

खिडकी ही रेशमाची जागा नव्हे, निदान पश्चिमेची आणि दक्षिणेची तरी नव्हेच. तिथे लावण्याचा आग्रह असेल, तर जाड सुती अस्तर आणि त्यामागे आणखी एक साधा पडदा हवा, म्हणजे ऊन आधी सुती कापड सोसेल. रोज बसायच्या सोफ्यालाही रेशीम सोसत नाही. कापड किती घासणे सहन करते हे यंत्रावर फेऱ्या मोजून पाहतात आणि घरातल्या रोजच्या आसनांना साधारण २०,००० फेऱ्यांच्या आसपास टिकणारे कापड सुचवले जाते. बहुतेक निखळ रेशमे तिथपर्यंत पोचत नाहीत. अशा ठिकाणी छापील सुती मोर काहीच वाईट नाही. माजघराची आतली भिंत, उशांचे अभ्रे, सणापुरते पलंगपोस या रेशमाच्या जागा. ठेवताना घडी न घालता नळीवर गुंडाळावे, मध्ये धुऊन धुऊन मऊ झालेले सुती लुगडे घालावे, प्लास्टिकची पिशवी टाळावी, डांबराच्या गोळ्या कापडाला थेट लावू नयेत, आणि पाऊस संपल्यावर, दसऱ्याच्या सुमारास, एकदा सावलीत पसरून हवा द्यावी.

मामींच्या तिन्ही पडद्यांचा वरचा भाग, जो खिडकीच्या चौकटीच्या वर सावलीत राहिला होता, तो जवळजवळ कोरा होता. तिथला हिरवा रंग खालच्या भागाशेजारी धरला तेव्हा दोन वेगळी कापडे वाटावीत इतका फरक होता. त्या भागातली मोरांची एक जोडी आणि दीड डाळिंब आम्ही कापून घेतले, सुती कापडावर बारीक टाक्यांनी टाचले आणि लाकडी पट्टीला लावून देवघराकडे जाणाऱ्या वाटेतल्या भिंतीवर टांगले. मामींनी ते असे लावून घेतले आहे, की खालची कड उचलून मागची बाजू पाहता यावी. खिडक्यांना आता पांढरे सुती पडदे आहेत.